सातासमुद्रापार तालीम देताना आवाजाच्या या चुका टाळा

पुण्यात गुरू, न्यू जर्सीत शिष्या. पहिल्याच ऑनलाइन तालमीत तक्रार ठरलेली: "गुरुजी, तुमचा तानपुरा मधेच जातोय." मग नेटला दोष देऊन कुणीतरी जास्त स्पीडचा प्लॅन घेतं आणि तानपुरा तरीही जातच राहतो.

नेटचा त्यात संबंधच नसतो. व्हिडिओ कॉलची ॲप्स बोलण्यासाठी बनवलेली आहेत. अखंड एकसारखा येणारा आवाज त्यांच्या लेखी पंख्याची घरघर असते आणि नॉइज सप्रेशन तो पुसून टाकतं. इको कॅन्सलेशनमुळे दोघं एकदम गायले की एकाचा आवाज दबतो. तिसरा शत्रू ऑटोमॅटिक गेन: तो मंद्रातला हळुवार षड्ज उचलतो, तारसप्तकातली पुकार खाली ओढतो. आवाजाच्या ज्या चढउतारावर वर्षानुवर्षं मेहनत केली, तोच सपाट होतो. झूम वापरत असाल तर 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा, त्यातला हाय फिडेलिटी मोड निवडा आणि इको कॅन्सलेशन बंद करा. हे दोन्हीकडे करायला हवं. मात्र त्यानंतर स्पीकर वापरायचा नाही. तारेचे हेडफोन लावा, नाहीतर आपलंच गाणं थोड्या वेळाने आपल्याकडे परत येतं.

तारेचेच का? ब्लूटूथ हेडसेटचा माइक सुरू झाला की बहुतेक हेडसेट फोन कॉलच्या दर्जावर उतरतात. ऐकताना सुरेल वाटणारा हेडसेट तालमीत डबक्यातून आल्यासारखा वाटतो तो यामुळे. शिवाय ब्लूटूथचा स्वतःचा उशीर वेगळाच.

आता सगळ्यात मोठी चूक, तिच्यात मी स्वतः कित्येक महिने घालवले: उशीर शून्यावर आणण्याचा हट्ट. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ टाकली तरी एका बाजूला ६० मिलिसेकंदांहून जास्त लागणारच, आणि प्रत्यक्षात केबल वळसे घेत जाते. दोघांनी एकत्र वाजवायचं तर साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर कान सांभाळून घेतो. समोरासमोर बसलेल्यांत तेवढा उशीर आठ-दहा मीटरवर होतो. एका बाजूला १०० मिलिसेकंद धरले, तर गुरूने दिलेल्या ठेक्यावर शिष्येचा आवाज परत यायला २०० मिलिसेकंद जातात. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्राच २५० मिलिसेकंदांची असते. सम कुठे पडेल ते सांगायला नको.

म्हणून ठेका एकाच टोकाला ठेवा: जो गातोय त्याच्याकडे. तानपुऱ्याला हे बंधन नाही, त्याला लय नसते. दोघांनी एकाच पट्टीत आपापला लावला तर तो पाठवायचीही गरज उरत नाही.

एकत्र वाजवायचं नाही हे एकदा मान्य केलं की फार मोठी मोकळीक मिळते. जॅकट्रिप किंवा सोनोबस ही नेटवरून थेट संगीत पाठवणारी ॲप्स वापरणारे बफर, म्हणजे वाजवण्याआधी थोडा आवाज साठवून ठेवण्याची जागा, लहानात लहान ठेवतात आणि मग आवाज तुटतो म्हणून हैराण होतात. आवाज छोट्या पॅकेट्समध्ये यूडीपीने जातो, म्हणजे हरवलेलं पॅकेट परत मागवलं जात नाही. एखादं हरवलं किंवा फार उशिरा आलं, तर त्या जागी खाच पडते. समुद्रापारच्या तालमीत बफर बिनधास्त वाढवा. आणखी ५० मिलिसेकंदांनी शिकवणं अडत नाही, तुटक मींड मात्र शिकवताच येत नाही. पुणे–नागपूरसारख्या अंतरावर एकत्र वाजवण्याचा प्रयोग करायचा असेल तरच लहान बफरची खटपट करा, तीही वाय-फाय सोडून, राउटरला लॅन केबल लावून.

स्पीडबद्दल एवढंच: ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), १६ बिट, स्टिरिओ असा न दाबलेला आवाज सेकंदाला सुमारे दीड मेगाबिट घेतो. ऑपस या कोडेकने दाबून १२८ किलोबिटवर पाठवला तरी गाण्याला पुरतो. २०० एमबीपीएसचा प्लॅन असून आवाज तुटत असेल तर घरात त्याच वेळी कुणी फोनचे फोटो क्लाउडवर चढवतंय का ते बघा. अपलोड तुंबला की पॅकेट्स राउटरमध्येच रांगेत अडकतात.

आवाजात टकटक कधीही, कशीही येत असेल तर नेट किंवा वाय-फाय तपासा. ठरावीक अंतराने, मिनिटा-दोन मिनिटांनी येत असेल तर संशय साउंडकार्डांच्या आतल्या घड्याळांवर घ्या. दोन साउंडकार्डांचे ४८ किलोहर्ट्झ तंतोतंत सारखे नसतात. फरक दहा लाखांत ५० असला तरी सेकंदाला दोन-अडीच नमुने साचतात किंवा कमी पडतात आणि १२८ नमुन्यांचा बफर मिनिटाभरात घसरतो. ॲपमध्ये रिसॅम्पलिंगची, म्हणजे हा फरक भरून काढण्याची सोय असेल तर ती चालू करा.

आणि सूरच चढलेला वाटला तर? ४४.१ किलोहर्ट्झवर भरलेली फाइल ४८ची समजून वाजवली गेली की सूर जवळपास पेटीच्या दीड घराने चढतो. काळी एकचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी लागतो. पेटी जुळवण्याआधी दोन्हीकडचे सॅम्पल रेट (हेच ४४.१ किंवा ४८ चे आकडे) एकदा वाचून घ्या.

मैफल किंवा बंदिश जपून ठेवायची असेल तर कॉलचं रेकॉर्डिंग ठेवू नका. गाणाऱ्याच्याच टोकाला ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये भरा. स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण १ जीबी होते. फ्लॅक प्रकारात बदलली तर कमी जागेत मावते आणि आवाजातलं काही जात नाही. ती रात्री सावकाश पाठवली तरी चालते.