जुन्या पेन्सिलीला नेमके शिसे
पिळून शिसे पुढे सरकवण्याची आजोबांची धातूची पेन्सिल दादरच्या घरी सापडली, तेव्हा अब्दुल रहमान स्ट्रीटवरून मी ०.५, ०.७ आणि ०.९ मिलिमीटरच्या शिशाच्या कांड्या आणल्या. परंतु तिन्ही टोकातून सरळ खाली घसरल्या. अखेर टोकाच्या आत खोलवर अडकलेला जुना तुकडा बारीक तारेने हलकेच मागे ढकलून काढला (येथे घाई करू नये, कारण टोक फाकले तर पकड कायमची जाते) आणि व्हर्निअर कॅलिपरने मोजला, तेव्हा तो १.१८ मिलिमीटर भरला. जुन्या अमेरिकी पेन्सिलींचे हे ०.०४६ इंचाचे माप आजही मिळते. त्या मापाचे एचबी शिसे मागवले आणि ते पहिल्याच प्रयत्नात घट्ट बसले.