पहिल्या वेळी खोलवर फाटले असेल तर: दुसऱ्या बाळंतपणाआधीची तयारी

ही यादी मी गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात करायला हवी होती. ती मी दुसऱ्या बाळंतपणाला दीड वर्ष उलटून गेल्यावर लिहीत आहे. पहिल्या खेपेला रीतीप्रमाणे माहेरी गेले होते. तिथल्या लहानशा प्रसूतिगृहात चिमटा (फोर्सेप्स) लावून मुलगी झाली, योनीमुखापासून गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटले आणि भूल देऊन टाके घालावे लागले. दुसऱ्या खेपेला मी पुण्यात होते. तिथल्या डॉक्टरांनी आधीच्या बाळंतपणाविषयी विचारले तेव्हा मी ‘नॉर्मल, पण टाके खूप पडले होते’ एवढेच सांगितले आणि त्यांनीही एवढेच लिहून घेतले. पुढचे महिने ‘बघू, अजून वेळ आहे’ यातच गेले. सदतिसाव्या आठवड्यात एका रात्री अचानक कळा सुरू झाल्या, आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी कुठपर्यंत फाटले होते असे विचारले तेव्हा मी आणि नवरा एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. शेवटी भीतीपोटी मीच सिझेरियनचा हट्ट धरला. तोवर गर्भाशयाचे तोंड आठ सेंटिमीटर उघडले होते, म्हणजे कळाही पुरत्या सोसल्या आणि पोटही कापून घेतले.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे कागद. टाके घालताना डॉक्टरांनी जी नोंद केली, तिचा कागद मिळवा. डिस्चार्ज कार्ड म्हणजे हा कागद नव्हे, कारण माझ्या कार्डावर ‘नॉर्मल प्रसूती, टाके’ एवढेच तीन शब्द होते. आत ठेवलेल्या केसपेपरमध्ये शस्त्रक्रियेची नोंद असते आणि फाटण्याची श्रेणी तिथे लिहिलेली असते. गुदद्वाराच्या बाहेरच्या स्नायूची जाडी निम्म्याहून कमी फाटली असेल तर ३-ए, निम्म्याहून अधिक फाटली असेल तर ३-बी, आतला स्नायूही गेला असेल तर ३-सी आणि गुदाशयाच्या अस्तरापर्यंत फाटले असेल तर चौथी श्रेणी. पुढचा सगळा विचार या एका अक्षरापासून सुरू होतो. टाके किती पडले यावरून काहीही कळत नाही. वीस टाके कातडीलाही पडू शकतात.

हा कागद मागायला उशीर करू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात. मात्र आपल्याकडे दोन मुलांत तीन-चार वर्षांचे अंतर सर्रास असते, त्यामुळे दुसऱ्यांदा दिवस राहीपर्यंत ती मुदत उलटून गेलेली असू शकते. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरच्या गावी, म्हणजे कागद एका गावात आणि पोट दुसऱ्या गावात. लेखी अर्ज करा, वडिलांना किंवा भावाला प्रत्यक्ष पाठवा, फोनवर ‘बघतो’ म्हणतात त्यावर विसंबू नका. तिथे मिळाला नाही तर मेडिक्लेमची जुनी फाइल उघडा, कारण विमा कंपनीला केसपेपरच्या झेरॉक्स द्याव्या लागतात. माझा कागद तिथेच होता, नवऱ्याच्या कपाटात, आमच्या पलंगापासून चार फुटांवर, आणि तो सापडला बाळ पाच महिन्यांचे झाल्यावर. त्यावर ३-ए लिहिले होते. तोपर्यंत मला कसलाही त्रास झालेला नव्हता, म्हणजे साध्या प्रसूतीचा शांतपणे विचार करता आला असता; तो न करताच मी पोटावर व्रण घेऊन बसले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्रासाची खरी नोंद. वायू आवरता येतो का, शौचाची घाई लागली की तिथपर्यंत पोहोचता येते का, कपड्याला डाग लागतो का, शरीरसंबंधाच्या वेळी दुखते का, हे दोन आठवडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. ‘बाळंतपणानंतर सगळ्यांनाच थोडे होते’ हे वाक्य घरातल्या कोणत्याही वडीलधाऱ्या बाईकडून ऐकायला मिळेल, पण त्याला या तपासणीत काहीही किंमत नाही. सासूबाई किंवा आई सोबत आल्या असतील तर त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगण्याचा संकोच करू नका. या गोष्टी त्यांच्यासमोर कोणी नीट सांगत नाही.

मग तपासणी. स्नायू कितपत जुळला आहे हे गुदद्वारातून केलेल्या सोनोग्राफीत दिसते आणि त्याची पकड मॅनोमेट्री नावाच्या दाबमापनाने कळते. या दोन्ही सोयी मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणी असतात, त्याही बहुधा प्रसूतितज्ज्ञांकडे नसून पोटविकार किंवा गुदविकारांच्या शल्यविभागात, त्यामुळे चिठ्ठी मागून घ्या आणि सातवा महिना उजाडण्याआधी जाऊन या. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्सने २०१५ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ज्यांना त्रास आहे किंवा ज्यांच्या तपासणीत दोष दिसतो त्यांच्याशी नियोजित सिझेरियनच्या पर्यायाची चर्चा व्हावी, असे त्या सांगतात. टाके घातल्यानंतर बारा महिन्यांनी ६० ते ८० टक्के स्त्रियांना काहीही त्रास उरत नाही आणि पुढच्या साध्या प्रसूतीत पुन्हा इतके फाटण्याचे प्रमाण ५ ते ७ टक्के असते, हे आकडेही त्यांतलेच. मात्र हे आकडे सरसकट सगळ्यांचे आहेत. ३-ए आणि चौथी श्रेणी एकाच टोपलीत घालून ते स्वतःला लावू नका, आणि तुमची श्रेणी तुम्हाला कशावरून कळणार, तर त्याच कागदावरून.

दोन्ही वाटांचा हिशेब डॉक्टरांसमोर बसून मांडा, घरी नको. नियोजित सिझेरियनने पुन्हा फाटण्याचा धोका टळतो, परंतु जुना स्नायू त्यामुळे दुरुस्त होत नाही, आणि गरोदरपणाचा ताण त्या भागावर आधीच पडून गेलेला असतो, म्हणून पुढे कधीच त्रास होणार नाही अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. तिसरे मूल हवे असेल तर ते आत्ताच सांगा, कारण पोटावरच्या शस्त्रक्रियेनंतर पुढच्या गरोदरपणात वार (प्लासेंटा) खाली असण्याचा किंवा जुन्या व्रणात रुतण्याचा धोका वाढतो. नियोजित सिझेरियन साधारणपणे ३९ व्या आठवड्यात ठरवतात, आणि याच ठिकाणी दुसरी चूक घडते: तारीख ३९ व्या आठवड्याची असली तरी कळा ३७ व्या आठवड्यात येऊ शकतात. तसे झाले तर काय करायचे, हे वेगळे विचारा आणि वेगळे लिहून घ्या.

साध्या प्रसूतीची वाट धरायची असेल तर चार प्रश्न आधीच विचारून ठेवा. बाळ बाहेर येताना अनुभवी डॉक्टर स्वतः हजर असतील का? डोके दिसू लागल्यावर योनी आणि गुदद्वार यांमधल्या भागावर गरम पाण्यात भिजवून पिळलेले कापड धरतील का? डोके सावकाश यावे म्हणून हाताने आधार देऊन ‘आता जोर करू नका’ असे सांगणारे कोणी असेल का? चिमट्याची वेळ आली तर काय ठरवायचे? पहिल्या खेपेला खोल फाटले म्हणून दुसऱ्या खेपेला बाळाला वाट मिळावी म्हणून योनीमुखाशी सरसकट छेद घेतल्याने संरक्षण होते असे सिद्ध झालेले नाही. छेद गरज पडली तरच घ्यावा, आणि घेतलाच तर मध्यरेषेपासून साठ अंशांच्या कोनात. बाळाचे वजन चार किलोच्या वर जाणे हे धोक्याचे एक कारण आहे, त्यामुळे साखरेची तपासणी चुकवू नका आणि दोन जिवांचे खा म्हणणाऱ्यांना हसून टाळा. चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून त्याच भागाला करायच्या तेलाच्या मालिशचा बराच गवगवा होतो, पण तिचा फायदा प्रामुख्याने पहिलटकरणींत दिसला आहे. करायची तर करा, तिच्यावर भिस्त ठेवू नका. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या, कारण व्हिडिओ पाहून आम्ही बऱ्याचजणी उलटाच जोर लावत असतो.

ठरलेला निर्णय फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्या हस्ताक्षरात आणि सहीनिशी असू द्या: आधीची श्रेणी, आत्ताचा त्रास, तपासणीचा निकाल, ठरलेली पद्धत, आणि कळा लवकर आल्यास काय करायचे. रात्री दोन वाजता तुमच्या नेहमीच्या डॉक्टर समोर नसतात, समोर असते ते फक्त हे पान. त्याला जुना कागद टाचा. दोन्हींचे फोटो तुमच्या, नवऱ्याच्या आणि आईच्या फोनमध्ये ठेवा.

बॅग, दुपटी, आधारकार्ड यांविषयी मी लिहीत नाही, त्या याद्या सगळीकडे मिळतात.

प्रसूतीनंतरचे थोडक्यात सांगते. टाके घालण्याआधी आणि घातल्यानंतर बोटाने आतली तपासणी झाली का ते विचारा. पुन्हा खोल फाटले असेल तर दुरुस्ती चांगल्या उजेडात, शस्त्रक्रियागृहात व्हावी. मल मऊ ठेवण्याचे औषध पहिल्या दिवसापासून घ्या. डिंकाचे लाडू खा, पण पाणी आणि भाजी सोडून नुसते लाडूच खाऊ नका. सहा ते बारा आठवड्यांदरम्यानची भेट चुकवू नका, मग बाळाला सर्दी झालेली असो वा बारसे असो.

आणि डिस्चार्जच्या दिवशी, बिल भरून होताच आणि रिक्षा बोलावण्याआधी, या वेळच्या शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागून घ्या. ‘नंतर या’ असे म्हणाले तर तिथेच बाकावर बसून राहा.