पड ठेवलेले रान सातबाऱ्यावर येऊ द्या

केळीच्या कांदेबागेची (पावसाळ्यानंतर लावायच्या केळीची) लागवड आणि हरभऱ्याची पेरणी दोन्ही तोंडावर आहेत, म्हणून हा सल्ला आत्ताच. ज्यांची विहीर किंवा बोअर मार्च लागताच दम सोडते, त्यांनी येत्या उन्हाळ्यासाठी एखादा तुकडा आतापासूनच ठरवून पड ठेवावा आणि ती पड रीतसर नोंदवावी. रान पड ठेवायला खानदेशी शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. नोंदीपाशी मात्र बहुतेकांचे घोडे अडते. जे पेरलेच नाही ते काय नोंदवायचे, हा प्रश्न ठरलेला.

नोंदवायचे ते गावाच्या पाण्याच्या हिशेबासाठी. पावसाळा सरला की जलअंदाजपत्रक मांडतात: पाऊस किती झाला, मुरला किती, माणसांना आणि गुरांना किती लागेल, उरलेल्यात कोणती पिके बसतील. अटल भूजल योजनेतल्या रावेर-यावलकडच्या गावांना हे कोष्टक ओळखीचे आहे. त्यातला पिकांचा आकडा पीकपाहणीतून, म्हणजे सातबाऱ्यावर लागणाऱ्या पिकांच्या नोंदीतून, यायला हवा. तुम्ही दोन एकर रिकामे ठेवले आणि कागदावर रकाना कोरा राहिला, किंवा अंदाजाने तिथे मका लागला, तर तुम्ही राखलेले पाणी गावाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

आता पाणी किती राहते ते बघा. पाच बाय पाच फुटांवर एकरी साधारण १,७५० केळी बसतात. मे महिन्यात ठिबकवर झाडाला रोजचे २० लिटर धरले तरी एकराला दिवसाचे ३५,००० लिटर होतात, महिन्याचे जवळपास ११ लाख. हरभरा मात्र एक-दोन पाण्यात येतो; तो सोडून पड ठेवण्यात अर्थ नाही. सोडायचे ते उन्हाळी मका, भुईमूग, कलिंगड, नाहीतर विहिरीच्या ऐपतीबाहेर गेलेला केळीचा शेवटचा एकर.

जमीन कुठली आहे यावरही बरेच अवलंबून असते. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जाड थर आहे, तिथे पावसाचे पाणी खाली जाते आणि तापीकाठच्या गाळाला पोचते. या पट्ट्यात बोअर खोल खोल जात राहते, म्हणून पाणी संपल्याचे उशिरा कळते. पारोळा, शिंदखेडा, साक्री या बाजूला काळा पाषाण. तिथल्या विहिरी वरच्या मुरमाड थरावर जगतात. चांगल्या पावसात भरतात आणि होळीपर्यंत तळ दाखवतात. अशा ठिकाणी शेजारच्या चार विहिरींनी मिळून पड ठेवली तर त्याच उन्हाळ्यात फरक दिसू शकतो. पायथ्याच्या पट्ट्यात एकट्याची पड बोअरच्या पातळीत दिसणार नाही, तिथे शिवारच एकत्र यावे लागते.

एकत्र येण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धत चालायची. लाभक्षेत्राचे फड म्हणजे मोठे तुकडे पाडलेले, कोणत्या फडाला कोणते पीक ते गावाने ठरवायचे आणि पाटकऱ्याने त्याप्रमाणे पाणी फिरवायचे. बऱ्याच जणांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात असे. त्यामुळे पाणी कमी असलेल्या साली एखादा फड कोरडा राहिला तरी झळ एकाच घराला बसत नसे. विहिरींच्या पाण्याला असा पाटकरी नाही, ही खरी अडचण.

बाहेरही हेच चालले आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१४ मध्ये भूजलाचा कायदा केला आणि शेतकऱ्यांनी स्वखुशीने जमीन पड ठेवण्याची योजना आखायचा अधिकार स्थानिक भूजल संस्थांना दिला. हरियाणाने २०२० पासून भात सोडणाऱ्याला एकरी ७,००० रुपये देऊ केले, पुढे शेत रिकामे ठेवणाऱ्यालाही त्यात घेतले. आपल्याकडे पड ठेवल्याचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा कोणी तसे सांगून कागद गोळा करत असेल तर देऊ नका. मात्र आपल्या २००९ च्या भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रात जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर बंधन घालण्याची सोय आहे. ती वेळ येण्याआधी आपणच ठरवलेले बरे, असे माझे मत.

नोंदीचे काम सोपे आहे. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये हंगाम निवडायचा, खाते क्रमांक, मग गट क्रमांक, आणि पिकाऐवजी पड क्षेत्राचा पर्याय. तिथे ‘कायम पड’ आणि ‘चालू पड’ असे दोन प्रकार दिसतात. आपल्याला चालू पड हवी. घाईत कायम पडीवर बोट गेले तर पुढे निस्तरत बसावे लागते, म्हणून फोटो काढण्याआधी तो शब्द पुन्हा एकदा वाचा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये भरायचे असते. एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर, तेव्हा एकराचा आकडा हेक्टरच्या रकान्यात टाकू नका. फोटो बांधावरून नको, गटात उभे राहूनच काढा. खाते सामाईक असेल तर भावांनी आधी बोलून घ्यावे, नाहीतर एकाच तुकड्यावर एकाची पड आणि दुसऱ्याचा मका लागायचा. रब्बीची पाहणी साधारण १ डिसेंबरपासून आणि उन्हाळीची १ एप्रिलपासून सुरू होते. शेवटची तारीख दरवर्षी जाहीर होते. स्मार्टफोन नसेल तर गावासाठी नेमलेल्या सहायकाला किंवा तलाठ्याला गाठा.

भीती एकच असते: पड लावली तर सरकार जमीन घेईल. ही भीती अगदीच हवेतली नाही. १९४८ च्या कूळ कायद्यात ६५ वे कलम आहे. सलग दोन वर्षे जमीन बिनलागवडीची राहिली तर तिचे व्यवस्थापन सरकार हाती घेऊ शकते, असे ते सांगते. पण आपण खरिपात कापूस, ज्वारी, तूर काहीतरी घेतोच आणि तेही सातबाऱ्यातल्या त्याच बाराव्या नमुन्यात, म्हणजे पिकांच्या नोंदीत, येते. तेव्हा पड उन्हाळ्यापुरती, खरीप पेरलेला आणि नोंदवलेला, आणि तुकडा दरवर्षी वेगळा, एवढे सांभाळले की या कलमाचा प्रश्न येत नाही.

रान पड का ठेवले, हे ॲप विचारत नाही. त्यासाठी गावाच्या पाणी समितीने किंवा ग्रामपंचायतीने एक साधी वही घालावी: गट, क्षेत्र, हंगाम, त्या रानाला पाणी देणारी विहीर, आणि एरवी तिथे काय लागले असते. नाव लिहायची सक्ती नको. शेजारी विहिरीची पातळी लिहावी. कासऱ्याला दगड बांधून सकाळी मोटार सुरू होण्याआधी मोजली तरी चालते. मोटार बंद करून तासाभरात मोजलेला आकडा फसवतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेमध्ये मोजते. तेच महिने धरले तर दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतात.

सगळ्यात मोठी पळवाट इथे सांगतो. दोन एकर पड ठेवायची आणि तेच पाणी पाइप टाकून पलीकडच्या केळीला द्यायचे, किंवा तासावर विकायचे. अशा पडीने थेंबही वाचत नाही, वही मात्र भरते. म्हणून वहीत विहिरीचा रकाना हवाच.

पड ठेवायला पहिला मान कपाशीच्या रानाला द्या. डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कपाशीची झाडे) काढून टाकली की फरदडीचे, म्हणजे वेचणीनंतरही राखलेल्या कपाशीचे, पाणी वाचते आणि गुलाबी बोंडअळीचे खाद्यही तुटते. श्रेडर मिळत असेल तर पऱ्हाटी बारीक करून रानातच पसरा, जाळू नका. भारी काळ्या रानात भेगा पडण्याआधी एक वखरपाळी द्या, तेवढ्याने ओल टिकते. कुंदा-हरळीचे तण असेल तर उन्हाळ्यात खोल नांगरट करा. नसेल तर दरवर्षी नांगराचा खर्च कशाला? ठेलारी मेंढपाळ वाटेवर असतील तर चार रात्री मेंढ्या बसवा. पाऊस सुरू होण्याआधी उताराला आडव्या सऱ्या काढल्या की पहिला वळीव रानातच मुरतो.

विकास सोसायटीच्या सचिवाला मात्र आधीच सांगा. उन्हाळी पिकासाठी कर्ज उचलले किंवा विमा भरला आणि पाहणीत त्याच गटावर पड लागली, तर विमा कंपनी पहिल्यांदा तोच कागद पुढे करते. सालदाराशीही (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याशी) अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी बोला. रान कमी तर काम कमी, आणि त्याचे साल ठरताना हे लपवून ठेवणे बरे नाही.