टीनएजरसाठी गिफ्ट हॅम्पर भरताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक टोपली घेतानाच होते. आधी भलीमोठी टोपली आणायची आणि मग ती रिकामी दिसू नये म्हणून किचेन, स्टिकर, कॉफी मग असं हाताला लागेल ते कोंबायचं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना असा भरतीचा माल लगेच ओळखू येतो. आधी वस्तू जमवा, टेबलावर मांडून बघा आणि मग त्यांच्या मापाची टोपली घ्या.

पोर सध्या कशात रमलंय, यावरून वस्तू ठरवा. या वयात आवडी भराभर बदलतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीची माहिती कामाची नाही. घरच्यांना किंवा मित्रमैत्रिणींना विचारा. समजा, मुलगी वॉटरकलर करते. तिला नुसती सुंदर वही दिलीत तर पातळ कागद पाण्याने फुगतो, वर ब्रश फिरवला की लगदा निघतो. 300 जीएसएमचा म्हणजे चांगला जाड कागद, दोन चांगले ब्रश आणि रंगांचा छोटा सेट एवढं पुरे. एवढ्या तीन वस्तू ती खरंच वापरेल.

चार्जिंग केबल घेताना फोन बघा. आयफोन 14 पर्यंत लाइटनिंग पोर्ट होतं, 2023 च्या आयफोन 15 पासून टाइप-सी आलं. पॉवर बँक देत असाल आणि सुट्टीत विमानप्रवास असेल तर ती केबिन बॅगेतच ठेवायची, हे चिठ्ठीवर लिहून द्या.

मुरमांवरचं फेसवॉश किंवा वजन कमी करायचं पुस्तक मात्र कृपा करून ठेवू नका. देणाऱ्याच्या मनात काळजी असते, पण घेणाऱ्याला 'तुझ्यात हे खटकतं' एवढंच ऐकू येतं, तेही सगळ्यांसमोर.

खाऊ आणि सुगंधी साबण किंवा मेणबत्ती शेजारी ठेवलीत की चॉकलेटला साबणाचा वास लागतो. खाऊ हवाबंद डब्यात ठेवा आणि शेंगदाणे, काजू-बदाम यांची अ‍ॅलर्जी नाही ना, ते आधी विचारून घ्या.

टोपली एका बाजूला कलंडत असेल तर तळाशी पुठ्ठा घाला, त्यावर चुरगाळलेला कागद दाबून बसवा. जड वस्तू मागे, हलक्या पुढे. कपडे किंवा बूट असतील तर बदलून घेण्याची पावती पाकिटात घालून टोपलीतच ठेवा.