काही साइट उघडायच्या, काही नाही: लफडं १७२ चं

गोरेगावच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात नेट चालायचं पण काही ठराविक साइट लटकायच्या, कधी बऱ्याच वेळाने उघडायच्या कधी नाहीच, आणि मोबाइल डेटावर त्याच साइट झटक्यात. लाइनवाला म्हणे लाइन ओके, राउटर बदला. म्हटलं थांबा जरा, आधी पिंग मारू, म्हणजे साइटला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघू. साइटचं नाव १७२.६७ ने सुरू होणाऱ्या आयपीला, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याला गेलं, पण उत्तर आलं आपल्याच पीसीच्या आयपीवरून, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल, म्हणजे समोरचं मशीन सापडतच नाही!

तिथेच कळलं. आधीच्या माणसाने गाळा नंबर ६७ म्हणून आतलं नेटवर्क १७२.६७ ठेवलेलं, मास्क क्लास बी चा, २५५.२५५.०.०, म्हणजे १७२.६७ ने सुरू होणारं सगळं पीसी आतलंच समजणार. आता १७२ म्हणजे सगळं प्रायव्हेट, आतल्या नेटवर्कसाठी राखीव, असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाप्रमाणे राखीव काय, तर (ए, बी, सी हे आयपीचे जुने गट) क्लास ए मधलं अख्खं १०, क्लास बी मधली १७२.१६ ते १७२.३१ अशी फक्त १६ नेटवर्क आणि क्लास सी मधली १९२.१६८ ची २५६, बस. १७२.६७ क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीचं आहे, ढीगभर साइट त्यांच्यामागे असतात, म्हणून पीसी त्यांना बाहेर न जाता गाळ्यातच शोधत बसायचा. साइटला १०४ चा दुसरा आयपी असला की रखडत का होईना उघडायची.

राउटरला १९२.१६८.६७.१ दिला, मास्क २५५.२५५.२५५.०, शेठचा ६७ पण राहिला. नवे आयपी घ्यावेत म्हणून पीसी रीस्टार्ट केले, प्रिंटरला आयपी हाताने टाकलेला होता तो मात्र पॅनलवर जाऊन बदलावा लागला.