आधी बंदराची वेळ, मग निघायची

छोट्या बोटीतून किनाऱ्याकिनाऱ्याने, रोज एक बंदर गाठत फिरायचं असेल तर नकाशावर अंतरं मोजत बसू नका. माझा हिशेब उलटा असतो. बंदरात किती वाजता शिरायचं ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे येत येत निघायची वेळ काढायची. शिरायची वेळ ठरते तीन गोष्टींवर: तोंडाशी पाणी किती, उजेड किती आणि जेवण कधीपर्यंत मिळतं. तिसरी गोष्ट फालतू वाटत असेल तर तुम्हाला फिरायचं नाही, पोचायचंय.

सात-आठ मीटरची शिडाची बोट असली की वेग पाच नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) धरायचा मोह होतो. मी चार धरतो. वारा पडतो, प्रवाह उलटा लागतो, कुणाला तरी डॉल्फिन दिसतात. चार तासांत १६ सागरी मैल, म्हणजे तीसेक किलोमीटर. दिवसाला एवढं पुष्कळ झालं. वाऱ्याचं म्हणाल तर बोफर्ट मापावर ४ पर्यंत, म्हणजे ११ ते १६ नॉट, मजा आहे. ५ चा अंदाज असेल तर मी दोर सोडत नाही. म्हणूनच आठवड्याची रजा असेल तर बंदरं चारच आखायची. इंधनाचे तीन हिस्से करा: जायला एक, यायला एक, तिसऱ्याला हात लावायचा नाही. कुठून कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध घ्यायचा, हे किनाऱ्यावरच्या एका शहाण्या माणसाला लिहून द्या.

आता पाणी. भरती-ओहोटीचा तक्ता त्याच बंदराचा हवा, शेजारच्याचा नको. दिवसातून दोनदा भरती येते तिथे पाणी उतरायला साधारण सहा तास लागतात, पण ते एकसारखं उतरत नाही. एकूण फरकाचे बारा हिस्से करा: सहा तासांत ते अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे जातात. फरक तीन मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाव मीटर, पण तिसऱ्या तासात पाऊण मीटर. ‘अजून तासभर थांबू’ म्हणताना तो कितवा तास आहे ते बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात फरक मोठा आणि प्रवाहही जोरात. अष्टमीच्या पुढेमागे भांगाचं पाणी मवाळ असतं. नवख्यांनी सफर भांगातच आखावी. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे सोमवारी सकाळी दहाची असलेली भरती पुढच्या सोमवारी दुपारी चारच्या आसपास गेलेली असते. आठवडाभराच्या वेळा पहिल्याच दिवशी मांडून ठेवा.

शिरायचं ते चढत्या पाण्यात. तळ लागलाच तर पाणीच उचलून घेतं. उतरत्या पाण्यात रुतलात तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. वारा आत येतोय आणि ओहोटीचं पाणी बाहेर पडतंय, अशा वेळी तोंडाशी लाटा उभ्या राहतात. समुद्राकडून येताना त्यांची फक्त पाठ दिसते, फुटणारी बाजू दिसत नाही, म्हणून सगळं सपाट वाटतं. थोडं बाहेरच थांबून पाच-दहा मिनिटं नीट बघा. आत येताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) कुठल्या हाताला ठेवायचा हेही जगभर एक नाही: युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आशियाच्या बहुतेक भागात डावीकडे, अमेरिका खंडांत, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये उजवीकडे.

धक्क्यावर मासेमारी बोटींची जागा अडवू नका. त्यांच्या बाजूला बांधायचंच असेल तर विचारा, आणि त्या पहाटे किती वाजता निघणार तेही विचारा. पक्का धक्का असेल तर दोर लांब द्या. भरतीला ताठ बांधलेली बोट ओहोटीत दोरांवर अक्षरशः लटकते. आधी दोर करकरतात, मग कड्या उपटून येतात. नांगरावर राहणार असाल तर खोली, येणारी भरती आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची यांची बेरीज करून तिच्या सातपट दोर सोडा. पूर्ण साखळी असेल तर चौपट चालते. तीन मीटर खोली, दोन भरती, एक नाळ: दोर ४२ मीटर. मग इंजिन उलटं चालवून नांगर ओढून बघा.

आणि आता जेवण. मोठं जेवण दुपारी, बंदरात. बोटीवर फक्त न्याहारी आणि चहा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर बोटीच्या तळाशी साठतो. म्हणून स्वयंपाक झाला की सिलिंडरवरूनच बंद करा. खानावळ शोधायला मी धक्क्यावर मासळी उतरते तिथे जातो आणि दोनच प्रश्न विचारतो: आज काय आलं, आणि तुम्ही स्वतः कुठे जेवता? हे तिथल्या बायकांना विचारलेलं बरं, पुरुष बहुधा ओळखीचं हॉटेल सांगतात. पदार्थांची यादी जितकी लांब तितका बर्फातला माल जास्त, असा माझा सरळ ग्रह आहे. विकत घेणार असाल तर कल्ला उघडून बघा, लाल आणि ओलसर हवा. बोटाने दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं. एका जेवणापुरतीच घ्या.

खडकावरचे कालव-शिंपले मात्र स्वतः खरवडून खाऊ नका. ते पाणी गाळून जगतात, बंदरातलं सगळं त्यांच्या पोटात जातं, आणि काही शैवालांचं विष शिजवूनही जात नाही. उष्ण प्रदेशात प्रवाळाजवळ पकडलेल्या मोठ्या शिकारी माशांची, उदाहरणार्थ बॅराकुडाची, तीच गत. गावातले लोक एखादा मासा खात नसतील तर कारण विचारत बसू नका, दुसरा मागवा.