मंगळाच्या ऑर्बिटरशी चाललेलं बोलणं घरबसल्या कसं बघायचं

नासाची डीएसएन नाऊ म्हणून साईट आहे (डीएसएन म्हणजे डीप स्पेस नेटवर्क, लांबच्या यानांशी बोलणारं डिश अँटेनांचं जाळं), फुकट, लॉगिनची भानगड नाही. शक्यतो लॅपटॉपवर उघडा. माद्रिद, कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन आणि कॅनबेरा अशी तीन ठिकाणं दिसतील आणि प्रत्येकाखाली डिश. तीनच का, तर ती साधारण १२०-१२० अंशांवर आहेत, एकीकडे मंगळ मावळायच्या आत दुसरीकडे उगवलेला असतो.

डिशवर एमआरओ असं दिसलं की क्लिक करा, ते मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर, २००६ पासून मंगळाभोवती फिरतंय. एकाच डिशवर दोन-तीन मंगळयानं दिसली तरी गोंधळू नका, इथून ती सगळी एकाच ठिपक्यात मावतात.

डिटेल्समध्ये आधी राउंड ट्रिप लाईट टाईम बघा, म्हणजे सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ. त्याचे सेकंद करा आणि दीड लाखाने गुणा, झालं अंतर किलोमीटरमध्ये. २० मिनिटं असेल तर १२०० सेकंद, म्हणजे १८ कोटी किमी. मग रिसीव्ड पॉवर बघा. उणे १२० डीबीएम म्हणजे एका वॉटचा लाख कोटीवा भाग आणि त्याचाही हजारावा! एवढ्याशा कुजबुजीतून फोटो येतात, मला तर अजून पटत नाही.

पण खरी गंमत साईटवर थेट दिसत नाही. तिकडे जीपीएस नाही, मग यान आहे कुठे हे कळतं कसं, तर ह्याच सिग्नलवरून. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या अशा दोन्ही लाटा चालू असतील तेव्हा बहुतेक हेच मोजमाप चालू असतं. इथून साधारण ७.२ गिगाहर्ट्झवर सिग्नल जातो, यान त्याला बरोब्बर ८८०/७४९ ने गुणून परत पाठवतं, स्वतःचं घड्याळ वापरत नाही कारण जमिनीवरचं हायड्रोजन मेसर नावाचं अणुघड्याळ कितीतरी पक्कं असतं. आलेली फ्रिक्वेन्सी अपेक्षेपेक्षा किती सरकली त्यावरून वेग निघतो, आणि तो सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत! ह्यातून कळतो तो फक्त आपल्या दिशेने येण्या-जाण्याचा वेग, आडवी जागा हवी असेल तर दोन खंडांतल्या डिश एकदम ऐकतात आणि आकाशात यानाजवळ दिसणाऱ्या क्वेझारशी (अतिशय लांबचा, जागचा न हलणारा रेडिओ ठिपका) ताडून बघतात.

एमआरओचा सिग्नल मध्येच गेला तर घाबरू नका, ते साधारण ११२ मिनिटांत एक फेरी मारतं आणि बऱ्याचदा मंगळाच्या मागे जातं. आपल्या मंगळयानाचं तर २४ सप्टेंबर २०१४ ला इंजिन चालू असतानाच असं झालं होतं, शिवाय सिग्नलला एका बाजूने साडेबारा मिनिटं लागत होती, म्हणून सगळ्या कमांड आधीच यानात भरून ठेवल्या होत्या. आणि साधारण दर २६ महिन्यांनी सूर्य मध्ये येतो, तेव्हा दोनेक आठवडे मंगळाकडे कमांड पाठवणं जवळपास बंदच असतं, त्या दिवसांत ज्युनो शोधा, ते गुरूकडे आहे.